एएमआर ध्वनिमुद्रणांचे वेव्ह स्वरूपात रूपांतरण : भाषाविषयक क्षेत्रकार्याच्या संदर्भात

प्रस्तावना

भाषाविज्ञान, लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि मौखिक इतिहास या विषयांच्या क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रण हा पुराव्याचा एक महत्त्वाचा प्रकार मानला जातो. २००० च्या दशकात मोबाइल हँडसेटमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय उपलब्ध झाली आणि टेपरेकॉर्डर, कॅसेट व सेल यांचा खर्च न परवडणाऱ्या अनेक संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या मुलाखती मोबाइलवरच मुद्रित केल्या. त्या काळातील बहुसंख्य हँडसेट अशी मुद्रणे एएमआर या स्वरूपात साठवीत असत. एका तासाची मुलाखत पाच-सहा मेगाबाइटमध्ये मावत असल्यामुळे त्या वेळी ही मोठीच सोय होती.

आज हीच मुद्रणे अभ्यासासाठी पुन्हा हाती घेतली असता अडचण येते. ध्वनिविश्लेषणासाठी जगभर वापरले जाणारे 'प्राट' हे सॉफ्टवेअर एएमआर फाइल वाचत नाही. मुद्रण आणि लिप्यंतर यांची सांगड घालणाऱ्या 'इलान' या सॉफ्टवेअरमध्येही वेव्ह फाइल वापरणेच सोयीचे असते. त्यामुळे एएमआर फाइलचे वेव्ह या तिच्याहून जुन्या स्वरूपात रूपांतर करणे भाग पडते. हे काम संगणकावर काही सेकंदांत होते आणि म्हणूनच ते फारसा विचार न करता केले जाते. रूपांतराने फाइल वाचनीय होते, परंतु मूळ मुद्रणात नसलेला आवाज तिच्यात येत नाही. शिवाय नव्या फाइलकडे पाहून तिचा पूर्वेतिहास कळत नाही. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास भाषेविषयीचा चुकीचा निष्कर्ष पूर्णपणे शास्त्रीय वाटणाऱ्या आकड्यांसह मांडला जाण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या रूपांतरणाची प्रक्रिया व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

वेव्ह स्वरूपाची रचना

वेव्ह हे स्वरूप मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९१ साली प्रचारात आणले. त्याचा आराखडा 'रिफ' या नावाने ओळखला जातो आणि तो इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने १९८५ मध्ये तयार केलेल्या आराखड्यावर आधारलेला आहे. वेव्ह फाइलमध्ये सामान्यतः ज्या पद्धतीने आवाज साठवलेला असतो ती पीसीएम पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी, म्हणजे ॲलेक रीव्हज यांनी १९३७ मध्ये मांडलेली आहे. आवाजाच्या लहरीची उंची ठरावीक काळाने मोजायची आणि ती संख्या लिहून ठेवायची, एवढेच या पद्धतीचे सार होय.

साध्या वेव्ह फाइलच्या प्रारंभी ४४ बाइटांचा शीर्षभाग असतो. मार्गिका किती, दर सेकंदाला नमुने किती आणि प्रत्येक नमुना किती बिटांचा, एवढी माहिती त्यात दिलेली असते. त्यानंतर नमुन्यांच्या संख्या ओळीने येतात. त्यांवर कोणतेही संकोचन किंवा कूटलेखन केलेले नसते. वेव्ह वाचणारे एकही सॉफ्टवेअर शिल्लक राहिले नाही अशी कल्पना केली, तरी प्रोग्रॅमिंग जाणणारी व्यक्ती थोड्याच वेळात ही फाइल वाचू शकेल. जतनाच्या दृष्टीने वेव्हला जे महत्त्व दिले जाते ते या साधेपणामुळेच.

फाइलचा आकार नोंदविण्यासाठी शीर्षभागात ३२ बिटांचीच जागा असल्यामुळे वेव्ह फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. संगीताच्या बहुमार्गी मुद्रणात ही मर्यादा जाणवते. मुलाखतीच्या बाबतीत तिची चिंता नको, कारण सेकंदाला ८,००० नमुने आणि १६ बिट या मापाचे एकमार्गी मुद्रण त्या जागेत ७० तासांहून अधिक मावते.

एएमआर फाइलमध्ये काय साठवलेले असते

एएमआर म्हणजे ॲडॉप्टिव्ह मल्टी-रेट. मोबाइल दूरध्वनीवरील संभाषणासाठी तयार झालेले हे संकेतन थ्रीजीपीपी या प्रमाणक संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारले. जाळ्याची स्थिती पाहून सेकंदाला ४.७५ ते १२.२ किलोबिट या दरम्यानच्या आठ दरांपैकी एक दर निवडता येणे, हा त्याचा विशेष होय. मुद्रणाची सोय हँडसेटमध्ये देताना संभाषणासाठी बसविलेले हेच संकेतन वापरले गेले. म्हणजेच क्षेत्रकार्यात जे हाती आले ते मुळात दूरध्वनीचे तंत्र होते.

हे तंत्र लहरीचे नमुने साठवत नाही. आवाज २० मिलिसेकंदांच्या चौकटींत विभागला जातो. सेकंदाला ८,००० नमुने घेतलेले असल्यामुळे एका चौकटीत १६० नमुने येतात. या १६० नमुन्यांवरून बोलणाऱ्याच्या मुखविवराचा आकार त्या क्षणी कसा होता याचा दहा गुणकांत अंदाज बांधला जातो. स्वरतंतूंच्या कंपनाची आवर्तने किती अंतराने येतात हे नोंदविले जाते. उरलेला भाग ठरावीक नमुनासंचातील सर्वांत जवळच्या स्पंदरचनेने दाखविला जातो. फाइलमध्ये लिहिला जातो तो केवळ या सर्वांचा तपशील. ऐकताना सॉफ्टवेअर त्या तपशिलावरून आवाज नव्याने घडविते. पदार्थ डब्यात न भरता त्याची पाककृती लिहून ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा त्याबरहुकूम पदार्थ करावा, असा हा प्रकार आहे.

पाककृती अर्थातच माणसाच्या बोलण्याची आहे, आणि तीही एका वेळी एकाच माणसाच्या. दोन व्यक्ती एकाच वेळी बोलू लागल्या, मागे भजनाचा टाळ वाजू लागला किंवा जात्याच्या घरघरीवर ओवी म्हटली गेली, की मुखविवराचा तो अंदाज फसतो. अशा मुद्रणातील ओवीचे शब्द बहुधा कळतात, परंतु जात्याचा आवाज जात्यासारखा राहत नाही. लोकगीतांच्या अभ्यासकांना ही उणीव भाषाभ्यासकांपेक्षा अधिक जाचक ठरते.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. बोलणारा थांबला असता प्रसारण खंडित ठेवण्याची सोय एएमआरमध्ये आहे. ती कार्यरत असल्यास विरामाच्या काळातील प्रत्यक्ष आवाज साठवलाच जात नाही, त्याऐवजी पार्श्वध्वनीचे ढोबळ वर्णन तेवढे ठेवले जाते. ऐकताना सॉफ्टवेअर त्या वर्णनाशी जुळणारा कृत्रिम खरखराट निर्माण करते. प्रश्नानंतर माहितीदाराने सोडलेला निःश्वास किंवा पुटपुटलेला अर्धा शब्द विरामाच्या संशोधनात मोलाचा असतो. अशा मुद्रणातील शांतता ही त्या खोलीतील शांतता आहे असे गृहीत धरता येत नाही.

चार हजार हर्ट्झच्या पलीकडील ध्वनी

सेकंदाला जितके नमुने घेतले असतील त्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच ध्वनी त्यांतून परत मिळू शकतो, हा अंकीय ध्वनीचा मूलभूत नियम आहे. एएमआरचे नमुने ८,००० असल्यामुळे ४,००० हर्ट्झवरील सर्व काही मुद्रणाच्या क्षणीच गेलेले असते. दूरध्वनीवर कोणाचे नाव 'सावंत' की 'फावंत' असा घोटाळा होतो, त्याचे मूळ येथेच आहे.

मराठीच्या दृष्टीने ही मर्यादा विशेष महत्त्वाची ठरते. दंत्य सकाराची बहुतांश ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. तालव्य शकाराची ऊर्जा त्यामानाने खाली, साधारणतः अडीच हजारांपासून सुरू होते. मराठीत हा भेद शब्दांपुरता मर्यादित नसून तो व्याकरणातही काम करतो. मासा–माशाला, ससा–सशाला, पैसा–पैशाला ही सामान्यरूपे त्याची साक्ष देतात. शिवाय अनेक बोलींमध्ये 'शाळा'चे 'साळा' आणि 'शेत'चे 'सेत' होते. बोलींच्या सीमा आखताना हे लक्षण पाहिले जाते. चवर्गाची स्थितीही अशीच आहे. 'चार' मधील तालव्य च आणि 'चाक' मधील दंत्य च यांसाठी लिपीत एकच अक्षर आहे. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एका जकाराने आणि जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या जकाराने उच्चारला जातो. लिपी जो भेद दाखवीत नाही तो मुद्रणाने दाखवावा अशी अपेक्षा असते, आणि नेमक्या त्या घर्षणध्वनीचा वरचा भाग एएमआरमध्ये नसतो.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. शकाराचा खालचा भाग शिल्लक राहत असल्याने आणि संदर्भाची मदत असल्याने, वक्ता 'शाळा' म्हणतो की 'साळा' हे सरावलेला कान पुष्कळदा ओळखतो. स्वरांचे गुण, ऱ्हस्वदीर्घत्व, सुराचा चढउतार, विरामांची लांबी यांचा अभ्यास एएमआर मुद्रणावरून बऱ्याच अंशी होऊ शकतो. ल आणि ळ यांतील फरकाची मुख्य खूण ३,००० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालीच सापडत असल्यामुळे तोही टिकतो. अडचण येते ती कानाऐवजी उपकरणाने मापन करताना.

समजा, एका गावातील मुलाखती २००८ मध्ये मोबाइलवर झाल्या आणि शेजारच्या तालुक्यातील मुलाखती नंतर चांगल्या रेकॉर्डरवर थेट वेव्हमध्ये झाल्या. पहिल्या संचाचे रूपांतर करताना नमुनादर ४४,१०० निवडला गेला. आता संगणकाच्या पडद्यावर दोन्ही संचांतील फाइली सारख्याच दिसतात. स्वरूप तेच, नमुनादर तोच, बिटही तेवढेच. सकाराच्या ऊर्जेचा मध्य मोजला असता पहिल्या गावाचा आकडा ४,००० च्या आत आणि दुसऱ्या गावाचा सहा-सात हजारांच्या घरात आला, तर पहिल्या गावातील स हा शकडे झुकतो असा निष्कर्ष निघेल. आकडे खरे आणि गणितही अचूक, तरी त्यातून व्यक्त झालेला भेद दोन गावांचा नसून दोन यंत्रांचा असेल. हा निष्कर्ष एकदा प्रबंधात छापला गेला की पुढील अभ्यासक त्याचा आधार घेणार, हे उघड आहे.

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे ग्रंथ १९६० च्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले. त्यांतील कुडाळी आदी बोलींचे नमुने कागदावर ध्वनिलेखनाने नोंदविलेले आहेत. आजही ते वाचण्यास कोणतेही विसंकेतन करावे लागत नाही, आणि स व श यांबाबत नोंदणाऱ्याने प्रत्यक्ष ऐकून घेतलेला निर्णय त्यांत उपलब्ध आहे. क्षेत्रकार्यात मुद्रण चालू असतानाही हाताने टिपण ठेवावे असा जो जुना संकेत आहे, त्याचे प्रयोजन अशा वेळी ध्यानात येते.

रूपांतरणाची प्रक्रिया

रूपांतरासाठी निःशुल्क साधने उपलब्ध आहेत. १९९१ पासून विकसित होत असलेले सॉक्स आणि २००० मध्ये सुरू झालेले एफएफएमपेग ही त्यांतील प्रमुख होत. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा सराव नाही त्यांना ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर एफएफएमपेगच्या साहाय्याने वापरता येते. संकेतस्थळावर फाइल चढवून ती बदलून घेण्याचा मार्ग मात्र टाळावा. माहितीदाराने अभ्यासकावर विश्वास ठेवून सांगितलेल्या घरगुती व गावकीच्या गोष्टी अनोळखी संगणकावर पाठविण्याची संमती त्याने दिलेली नसते.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ फाइल खरोखर एएमआर आहे का हे पाहावे. अशा फाइलच्या पहिल्या सहा बाइटांत एएमआर ही खूण रोमन अक्षरांत लिहिलेली असते. खुणेच्या पुढे डब्ल्यूबी ही अक्षरे असल्यास ते विस्तृत पट्ट्याचे एएमआर समजावे. त्याचा नमुनादर १६,००० असून ध्वनी सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत मिळतो. काही हँडसेट हाच आवाज थ्रीजीपी या वेष्टनात ठेवीत असत. वेष्टन वेगळे असले तरी आतील संकेतन तेच असते.

नमुनादर बदलू नये, ही या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची सूचना होय. मूळ ८,००० असेल तर वेव्हही ८,००० चीच ठेवावी. ४४,१०० हा दर सीडीमुळे परिचित असल्याने तो निवडण्याचा मोह होतो. त्यामुळे फाइल साडेपाच पटींनी फुगते, मधले नमुने गणिताने भरले जातात आणि वर सांगितलेला भ्रम निर्माण होतो. ८,००० हा आकडा शीर्षभागात राहिला तर फाइल उघडणाऱ्याला ४,००० हर्ट्झची मर्यादा आपोआप कळते. एखाद्या सॉफ्टवेअरला वरचा दरच लागत असेल तर त्यासाठी वेगळी कामचलाऊ प्रत काढावी. नमुन्यासाठी १६ बिट पुरेसे आहेत, कारण एएमआर संकेतनाकडे मुळात १३ बिटांचा आवाज दिला जातो.

रूपांतर करतानाच खरखर काढणे, आवाज वाढविणे, विराम कापणे असे संस्कार करू नयेत. प्रथम जसा आहे तसा आवाज वेव्हमध्ये आणावा, मग हवे ते संस्कार प्रतीवर करावेत. जुन्या हँडसेटच्या हेडफोनच्या छिद्रातून तार जोडून संगणकावर पुन्हा मुद्रण करण्याची रीतही आढळते. फाइल बाहेर काढण्याचा दुसरा मार्गच नसेल तर ती क्षम्य आहे, एरवी तीत दोन्ही यंत्रांचा खरखराट विनाकारण मिसळतो. एएमआरचे आधी एमपीथ्री आणि मग वेव्ह करणे हे तर दुहेरी नुकसानच होय.

रूपांतर पूर्ण झाले का हे ऐकून ठरविण्याऐवजी आकाराने पडताळता येते. १२.२ किलोबिटच्या स्थिर दराने केलेल्या मुद्रणात प्रत्येक चौकट ३२ बाइटांची आणि सेकंदाला ५० चौकटी असतात, म्हणजे सेकंदाला १,६०० बाइट. ३० मिनिटांच्या मुलाखतीची एएमआर फाइल खुणेसह २८,८०,००६ बाइटांची येते. तिचे ८,००० नमुन्यांचे वेव्ह शीर्षभागासह २,८८,००,०४४ बाइटांचे व्हावयास हवे. काही साधने शीर्षभागात स्वतःच्या नावाची नोंद घालतात, त्यामुळे काही बाइटांचा फरक पडला तर हरकत नाही. हजारो बाइटांची तूट आली तर मात्र चौकटी गळाल्या असे समजावे. अशा मुलाखतीत लिप्यंतरातील वेळा मुद्रणाशी जुळत नाहीत, आणि चूक सापडेपर्यंत बरेच श्रम वाया जातात.

दोन साधनांनी एकाच एएमआर फाइलचे केलेले वेव्ह बाइटागणिक सारखे असेलच असे नाही. थ्रीजीपीपीने प्रसिद्ध केलेली नमुनादाखल आज्ञावली पूर्णांकांवर चालते, एफएफएमपेगचा स्वतःचा विसंकेतक दशांश अपूर्णांकांवर चालतो. कानाला हा फरक जाणवण्याइतका नसतो. तरीही कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीने रूपांतर केले हे लिहून ठेवणे इष्ट होय, कारण तेच रूपांतर पुन्हा करून पाहण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

पूर्वेतिहासाची नोंद

ही नोंद ठेवावी कोठे? साध्या वेव्हच्या ४४ बाइटांत तिला जागा नाही. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हे विस्तारित स्वरूप प्रसिद्ध केले. त्यात वर्णन, मुद्रणाची तारीख आणि संकेतनाचा इतिहास यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आवाज प्रथम एएमआरमध्ये, अमुक दराने मुद्रित झाला आणि नंतर अमुक साधनाने पीसीएममध्ये आणला, ही माहिती तेथे लिहिता येते. जुनी सॉफ्टवेअरे हा विभाग ओलांडून पुढे जातात, त्यामुळे फाइल वाचण्यात अडथळा येत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही जतनासाठी याच स्वरूपाची शिफारस आहे. ज्या महाविद्यालयात एवढी व्यवस्था होणे कठीण आहे, तेथे प्रत्येक मुद्रणाशेजारी त्याच नावाची साधी मजकूर-फाइल ठेवली तरी चालते. फाइलीचे नाव रोमन अक्षरे व अंक यांत ठेवावे. देवनागरी नावे काही साधनांत अजूनही बिघडतात.

मूळ एएमआर फाइल काढून टाकण्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. तासाला ५.७६ मेगाबाइट हा आकार वेव्हच्या तुलनेत एक दशांश आहे. पुढे अधिक चांगला विसंकेतक तयार झाला तर त्याला देण्यासाठी मूळ तपशील लागेल, वेव्हवरून तो परत मिळणार नाही.

एएमआरचे विनिर्देश प्रसिद्ध असल्यामुळे त्या फाइलींचे रूपांतर काही वर्षांनीही करता येईल. त्याच काळात श्रुतलेखनासाठी विकल्या गेलेल्या रेकॉर्डरमधील मुद्रणांची स्थिती अधिक नाजूक आहे. ग्रुंडिग, ऑलिम्पस आणि फिलिप्स यांनी पुरस्कारलेले डीएसएस किंवा सोनीच्या रेकॉर्डरमधील एमएसव्ही ही स्वरूपे उत्पादकांच्या ताब्यात राहिली. डीएसएसच्या सर्वसाधारण प्रकाराचे वाचन आता एफएफएमपेगला जमते, परंतु डीएसएस प्रो या नंतरच्या प्रकारात फाइल परवलीच्या शब्दाने बंद करण्याची सोय आहे. तो शब्द ठाऊक असलेला संशोधक निवृत्त होण्यापूर्वी आणि ते सॉफ्टवेअर बसविलेला जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे. ज्या विभागांकडे दोन्ही प्रकारचा संग्रह आहे, त्यांनी एएमआर बाजूला ठेवून प्रथम या फाइली हाती घ्याव्यात.